पेटीतला कागद आणि अल्काताईची भिंत

मी हे लिहिणारच नव्हती. खरं सांगते. सोमवारी माझा इकॉनॉमिक्सचा पेपर आहे आणि अल्काताईनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, "माह्यावर काही लिवू नको वो गुड्डी. लोक वाचतात आन मोबाईल खिशात टाकतात." दादाची वेगळीच अट होती, घरचं काही मोबाईलवर टाकायचं नाही. म्हणून चार महिने मी गप्प बसली. मी! गप्प! आमच्या घरी कोणालाही विचारा, हे किती कठीण असेल.

पण काल कॉलेजच्या गेटसमोर आम्ही समोसे खात उभ्या होतो आणि माझ्या वर्गातली एक पोरगी सहज बोलून गेली. तिच्या बहिणीची मुलगी सव्वा वर्षाची आहे. मागून हाक मारली तर वळत नाही, ताट पडलं तरी दचकत नाही. अंगणवाडीत डॉक्टर तपासायला आले होते, त्यांनी गोंदियाला दाखवा म्हणून कागद दिला. मी म्हटलं, मग नेलं का? तर म्हणते, "कागद आहे ना घरी. आईनं पेटीत ठेवला. एकदम सांभाळून."

समोसा हातातच राहिला माझ्या. ती विचारून राहिली काय झालं, काय झालं. घरी आली, दादाला फोन केला, म्हटलं मी लिहून राहिली, तू हो म्हण नाहीतर नको म्हण. तो म्हणाला, "लिव. पन मी रडलो असं लिवजो नको."

नाही लिहिणार दादा.

तर आधी घर सांगते. कामठ्याला आमचं घर. बाबा, मनिराम, धानाची शेती करतात. आई सुशिलाबाई, घरात शेवटचा शब्द तिचा, आणि खरं म्हणजे पहिलापण. देवानंददादा गोंदियाला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला जातो. नूतनवहिनी. आणि त्या दोघांचा हिमांशू, म्हणजे आमचा हिमू.

हिमू दीड वर्षाचा झाला तरी बसत नव्हता. उचललं की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मुठी आवळलेल्या. पण हसायचा असा की दूधवाला दूध द्यायचं विसरायचा. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आई म्हणायची, देवानंदबी उशिराच बसला होता. बाबा म्हणायचे, वजनदार पोरं उशिराच चालतात. शेजारची म्हणायची, मामाची नजर लागली. बिचारा मामा नागपूरला राहतो, त्यानं पोराला दोनदा पाहिलं!

अल्काताई आमच्या घरी आली ती जुलैत, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता तेव्हा. चिखलानं भरलेली स्कूटी, डोक्याला ओढणी बांधलेली, चाळिशीची बाई. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आई बसली होती.

"हिमांशू देवानंद इथंच रायते का?"

"कायले?" आई म्हणाली. आमच्याकडे असंच असते, आधी कायले, मग या बसा.

"भेटाले आली."

"त्या एवढ्याशा पोराले?"

"हव. मोठ्या लोकायले भेटू भेटू कंटाळली मी."

आईला हसू आलं पण तिनं दाखवलं नाही. मग कळलं की ही अल्का शहारे, मुर्री गावची. एका लहानशा संस्थेत काम करते. ज्या घरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू बसत नाही, ऐकत नाही, बघत नाही, बोलत नाही, त्या घरी जाते आणि आईबापासोबत बसून पुढं काय काय करायचं ते ठरवते. अंगणवाडीच्या यादीत हिमूचं नाव होतं. फेब्रुवारीत त्याला तपासून कागद दिला होता.

"तो कागद कुठं आहे काकू?"

आईचा चेहरा असा फुलला! तिला वाटलं ही तिची परीक्षा आणि तिला उत्तर येते. आत गेली, लोखंडी पेटी उघडली. लग्नाचा शालू, त्याच्याखाली सातबारा, त्याच्याखाली प्लास्टिकच्या पन्नीत कागद. आणून हातात दिला.

"पाय बाई. घडीबी मोडली नाई."

पाच महिने झाले होते त्याला. अल्काताईनं कागद उघडला, वाचला, परत घडी केली. "लय सांभाळला तुमी काकू," एवढंच म्हणाली आणि थोडा वेळ दुसरीकडेच पाहात राहिली. मला राग आला. वाटलं ही आईला टोमणा मारून राहिली. मी लगेच तोंड उघडणार होती, वहिनीनं माझा हात दाबला म्हणून वाचली.

एक गोष्ट लिहू की नको विचार करून राहिली, पण लिहिते. त्या दिवशी तिचं आडनाव ऐकल्यावर आईनं तिला चहा कागदाच्या कपात दिला. घरात कप होते. मला कळलं कायले. अल्काताईलापण कळलं. ती चहा प्यायली आणि म्हणाली, "साखर बरोबर आहे." बस.

मग तिनं काय केलं माहिती आहे? पोराकडं बघितलंच नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता मले हिमूचा दिवस सांगा. उठल्यापासून. तो कोनाजवळ रायते, कवा, कुठं."

आम्ही सांगायला लागलो. सकाळी वहिनीजवळ. मग आईच्या कडेवर. आई गोठ्यात गेली की माझ्याजवळ. मी कॉलेजला गेली की शेजारच्या काकूजवळ. दुपारी बाबांच्या छातीवर झोपते. संध्याकाळी पुन्हा वहिनी. आम्ही मोठ्या अभिमानानं सांगून राहिलो होतो, पाहा आमचं पोर एक मिनिट खाली नसते!

"मंग जमिनीले कवा लागते तो?"

बाबांनी छताकडे पाहिलं.

"त्यानं जमीन वळखलीच नाई अजून," अल्काताई म्हणाली, "तो बसन कुठं?"

आईला हे लागलं. ती सरळ म्हणाली, "हे पाय बाई. तू त्याले चालवून देशील का, एवढं सांग. बाकी आमचं आमी पाहू."

"मले मालूम नाई काकू."

"मंग कायले आली?"

"खोटं सांगाले नाई आली. चालन का नाई ते डॉक्टरबी आत्ताच सांगू शकत नाई. पन लेकरू लहान असते तवा शिकवलं तं लवकर शिकते, हे मले पक्कं मालूम आहे. म्हनून मी विचारून राहिली, तुमाले काय पायजे? येत्या मंडईपर्यंत हिमूनं काय करावं?"

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं, जिलेबी, फुगे, आणि भर दुपारी मैदानात दंडार, म्हणजे नाच-गाणं-सोंगं सगळं. पाहुणे येतात, लग्नं जमतात. अल्काताई म्हणते, सहा महिने म्हटलं की कोणाच्या ध्यानात राहत नाही, मंडई म्हटली की म्हातारेपण बोटं मोजतात.

आईनं तोंड उघडलं होतं, पण बोलली नूतनवहिनी. वहिनी आमच्या घरी बोलतच नाही फारशी.

"मागच्या मंडईले मी घरीच होती. याले घेऊन. लोक विचारतात म्हनून." तिनं आईकडे पाहिलं नाही. "मले वाटते यानं बसून दंडार पहावी. आपला आपला बसून. मी बाजूले बसीन फक्त."

बस. तेच ठरलं. अल्काताई उठली, चुलीजवळून एक कोळसा आणला आणि सपरीच्या भिंतीवर लिहायला लागली. आई ओरडली, "अव बाई, भिंत! भिंत!"

"कागद दिला तं तुमी पेटीत ठेवता. भिंत कुठं ठेवसान?"

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

भिंतीवर सगळ्यात खाली लिहिलं, मंडई. त्याच्यावर एकेकाचं नाव आणि काम. आईला वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाच्या पुढं चित्र. अल्काताईला चित्र काढता येत नाही हे मी इथं जगजाहीर करते. आईच्या नावापुढचं चित्र पाहून आई म्हणाली, "हे मी हाव का भोपळा?" बाबांचं चित्र म्हणजे टोपी घातलेला बगळा. बाबांचं काम, जेवताना हिमूच्या हातात घास द्यायचा, तोंडात नाही. आईचं काम, तांदूळ निवडायला बसली की त्याला धानाच्या दोन कट्ट्यांच्या मधात बसवायचं, म्हणजे पोतं इकडून टेकू, पोतं तिकडून टेकू, आणि समोर सूप. वहिनीचं काम, कडेवर घेताना पाय एकमेकांवर चढू न देता दोन्हीकडे करून घ्यायचे. माझं काम, आरशात तोंड करून त्याच्याशी बोलायचं. मला फारच सोपं दिलं, म्हटलं, तर म्हणते, "तू बोलशीलच. त्याले बोलू देणं हे तुझं काम आहे." आणि दादाचं काम, सकाळी आंघोळ घालताना कोमट पाण्यात हिमूचे पाय हळूहळू मोकळे करायचे. काम झालं की नावापुढं रोज एक काडी ओढायची.

दादा संध्याकाळी आला, भिंत पाहिली.

"हे काय लिवून ठेवलं?"

"तुमचं नाव आहे त्याच्यात," वहिनी म्हणाली.

"आंघोळ तं तू घालते."

आणि हातपाय धुवायला निघून गेला. मी मनात म्हटलं, झालं. हा करत नाही. लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात अल्काताई वहिनीला आणि मला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं लहान लेकरांसाठी वेगळी खोली आहे, खेळणी, आरसे, मोठमोठे चेंडू. तिथल्या मॅडमनी हिमूला अर्धा तास पाहिलं. सेरेब्रल पाल्सी, असा शब्द सांगितला. मेंदूकडून हातापायाला निरोप नीट जात नाही, म्हणून अंग ताठ होते, असं समजावलं. भिंतीवरचं मी मोबाईलवर फोटो काढून नेलं होतं, ते पाहून त्या हसल्या, दोन गोष्टी बदलल्या, म्हणाल्या दर पंधरा दिवसांनी या आणि काड्या किती झाल्या ते सांगा, त्यावरून पुढचं ठरवू.

परत येताना बसमध्ये वहिनी खिडकीला डोकं टेकवून रडत होती. अल्काताईनं तिला रडू नको म्हटलं नाही. हिमूला माझ्याकडे दिलं आणि आपलीच गोष्ट सांगायला लागली, जशी कोणी बाजाराची सांगते.

तिची मुलगी स्नेहल. ऐकत नव्हती. घरात सगळे म्हणत, बाप पण उशिरा बोलला होता. दीड वर्षाची असताना शिबिरात डॉक्टरनं कागद दिला, कान तपासून घ्या. "आन मी काय केलं? लय महत्त्वाचा कागद म्हनून पेटीत ठेवला. लग्नाच्या साडीखाली. भाचीचं लगन निघालं तवा साडी काढाले पेटी उघडली. दोन वरसं झाली होती. कागद अस्सा कोराकरकरीत." तिनं तळहात पुढं करून दाखवला, जसा अजून त्याच्यावरच आहे. "आता स्नेहल एकोनीस वरसाची आहे. आयटीआय करून राहिली, कानाले मशीन लावते, हातानं बोलते, माह्याशी भांडतेबी हातानंच. मस्त आहे. पन ते दोन वरसं मी कुठून आणू?"

वहिनीनं डोळे पुसले. माझं तर विचारूच नका. मला तो पहिला दिवस आठवला, आईचा कागद हातात घेऊन ती दुसरीकडे बघत होती तो. आणि मी टोमणा समजली होती.

मग काय, माझ्या डोक्यात बसलं की आता हिच्यासोबत फिरायचं. एका रविवारी मी तिच्या मागं देवरीकडे गेली, तिचं माहेर तिकडचंच. एका घरी मातीची भिंतच नव्हती, बांबूच्या ताट्या. तिनं धानाच्या कणगीवर लिहिलं. दुसऱ्या घरी बापानं आम्हाला पाहून मागच्या दारानं जंगल गाठलं. अल्काताई शांतपणे म्हणाली, "येते तो. भूक लागन तवा येते." आणि दोन तास बसली! तो आला, तर विचारते काय, "मोहाचं झाड किती दूर आहे? लेकराले घेऊन जात जा तिथपर्यंत. रस्त्यानं जे दिसन त्याचं नाव सांगत जा." एवढंच त्याचं काम. तो माणूस चक्रावून गेला. त्याला वाटलं होतं ही रागावणार.

आणि एक. ती कोणाच्याही पोराला मांडीवर घेत नाही. मी विचारलं काऊन, तुला आवडत नाही का लेकरं? म्हणाली, "माह्या मांडीवर शिकला तं माह्याच मांडीवर बसन. मी पंधरा दिवसातून एकदा येते. आई रोज आहे."

असे ऑगस्ट, सप्टेंबर गेले. भिंतीवर काड्याच काड्या. हिमू कट्ट्यांच्या मधात बसून सुपातले तांदूळ उडवायचा आणि आई त्याला शिव्या घालता घालता पुन्हा बसवायची. दादाच्या नावापुढंही काड्या वाढत होत्या, पण मला वाटायचं वहिनीच ओढते, घरात भांडण नको म्हणून. आईलाही तसंच वाटायचं. सकाळी मी झोपलेली, आई गोठ्यात, बाबा शेतातल्या बांधीवर, कोण पाहायला जाते.

आणि मग दिवाळी आली.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे पांढरी छुई माती आणून भिंती पोततात, सगळ्यांना माहिती आहे. त्या दिवशी मी क्लासवरून संध्याकाळी पाचला घरी आली आणि सपरीत पाय ठेवला तर भिंत पांढरीशुभ्र. एक रेघ नाही. नाव नाही, भोपळा नाही, बगळा नाही, काड्या नाही. आणि उद्या सकाळी दवाखान्यात मॅडमला काड्या सांगायच्या होत्या! मी काढलेला फोटो तर जुलैतल्या पहिल्याच दिवसाचा, तेव्हा एकपण काडी नव्हती.

"आई! हे काय केलं!"

"काय केलं म्हंजे? दिवाळी आहे." मग तिला आठवलं. हातातला कुंचा तसाच राहिला. "मी तिकडून सुरू केली... हात चालत गेला वो." आणि आई, माझी आई, जी कोणाच्या मयतीलाही सरळ उभी असते, ती मटकन खाली बसली. "पेटीत ठेवला तेबी चुकलं. भिंतीवर होता तेबी मीच पुसला."

मी आईला जवळ घ्यायला पाहिजे होतं. मी काय केलं? मोबाईल काढला आणि टाईप केलं, "ताई सगळं संपलं. लवकर या." पाठवलं. आणि माझी बॅटरी गेली.

वीस मिनिटांत स्कूटी दारात. अल्काताई आली ती धावत, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात काळी सँडल, घामाघूम, चेहरा पांढरा आमच्या भिंतीसारखा.

"हिमू कुठं आहे? काय झालं हिमूले?"

हिमू कट्ट्यांच्या मधात बसून छुईचं बोट चाटत होता.

तिनं हिमूला पाहिलं, मग भिंत पाहिली, मग मला पाहिलं. मी म्हटलं, "ताई, भिंत..." ती तिथंच पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसू थांबेना तिचं, डोळ्यातून पाणी. मग माझ्या डोक्यात एक टप्पल मारली, जोरात, लागली मला. "पोरी, तू टाईप करण्याच्या आधी धा आकडे मोजत जा. माह्या जीवाचं पानी झालं ना वो. फोनबी बंद!"

तेवढ्यात दादा कामावरून आला. गाडी लावली, भिंत पाहिली, आईला पाहिलं.

अल्काताई म्हणाली, "चला. उद्या मॅडमले सांगाचं आहे. कोनाले काय काय आठवते?"

आईला तिचं काम सांगता आलं, पण काड्या किती ते नाही. बाबांना वाटलं त्यांच्या साठ असतील, नाहीतर सत्तर. माझं तर मलाच माहिती नव्हतं, मी मधात कितीतरी दिवस ओढल्याच नव्हत्या.

दादा उभाच होता. डबा हातात. भिंतीकडं पाहात म्हणाला, "सगळ्यात वर बाबाचं. हातात घास. मंग आईचं, कट्टे. मंग नूतनचं, पाय दोन्हीकडं. मंग गुड्डीचं आरसा. मंग माझं. खाली मंडई." जसं ते अजून तिथंच लिहिलेलं आहे. "बाबाच्या काड्या एकसष्ट. आईच्या अठ्ठ्याहत्तर. नूतनच्या पुऱ्या नव्वद. गुड्डी छप्पन."

"आन तुह्या?" आई म्हणाली.

"त्र्याऐंशी. सात दिवस चुकले. त्यात तीन दिवस हिमूले ताप होता."

आईनं वहिनीकडं पाहिलं. "त्याच्या काड्या तू ओढत नव्हती?"

"मी कायले ओढू? रोज सहाले उठून तेच घालतात आंघोळ."

"मंग सांगितलं काऊन नाही!" मी ओरडली.

"कोनाले सांगू?" दादा म्हणाला. "तू सातले उठते."

अल्काताईनं पुन्हा कोळसा आणला. आईनं तिच्या हातातून तो घेतला. मला वाटलं आता भिंतीचं रडणं सुरू करते. तर कोळसा दादाला दिला. "तू लिव. हिचा भोपळा मले नको." आणि आत गेली आणि चहा आणला. सगळ्यांना घरच्या कपात. अल्काताईला तिनं स्वतःचा, निळ्या फुलांचा, मोठा कप दिला. त्यात आम्हीपण चहा पीत नाही. "साखर पाय," म्हणाली. अल्काताईनं घोट घेतला. "थोडी जास्तच आहे काकू." "राहू दे. पी."

मग मंडई. बापरे, मंडई!

बाबांनी दोन कट्ट्यांमध्ये तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरली, सायकलला दोन्ही बाजूंनी बांधले आणि भर गावातून मैदानाकडं निघाले. जो भेटेल तो विचारे, "मनिरामजी, मंडईत तणस विकाले निघाले का?" बाबा म्हणत, "नाई, नातवाची खुर्ची आहे." वहिनीनं हिरवी साडी नेसली होती. लोकांनी विचारलंच, पोरगं अजून चालत नाही का. वहिनी म्हणाली, "नाही. बसाले शिकून राहिला. आज दंडार पाहाले आला." एवढंच. मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली, मारलीपण, साडीची पिन तुटली.

पहिल्या ओळीत जमिनीवर दरी, म्हणजे सतरंजी, अंथरली, तणसाचे दोन कट्टे, मधात हिमू, लाल टोपी. ढोलकी सुरू झाली आणि तो दचकला, पाय ताठ झाले, मला वाटलं आता रडणार. मग बाईचं सोंग घेतलेला माणूस कमर हलवत आला आणि हिमूनं असा खिदळून हात वर केला की बाजूच्या सगळ्या बाया हसल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बसला होता! आपला आपला! वहिनी बाजूला, हात मांडीवर घट्ट धरून.

मग हिमू जोरात हसला आणि हसता हसता बाबांच्या बाजूच्या कट्ट्यावरून पुढं कलंडायला लागला. आईनं हात पुढं केला. दादानं आईचा हात धरला. धरूनच ठेवला. दादानं मागं उभ्या असलेल्या अल्काताईकडं पाहिलं, ती फक्त बघत होती. हिमू कलला, कलला, आणि त्यानं मूठ उघडली. पाच बोटं पसरून हात जमिनीवर टेकवला. थांबला. पडला नाही. दरीकडं पाहिलं त्यानं, जसं कोणी तरी त्याला पकडलं आहे आणि तो बघतो आहे कोण. आणि पुन्हा दंडारीकडं पाहायला लागला, एका हातावर टेकून, मोठ्या माणसासारखा.

"जमीन वळखली," आई म्हणाली.

दादाचं काय झालं ते मी लिहिणार नाही, वचन आहे.

हिमू आजही चालत नाही. चालेल की नाही, अजूनही कोणी सांगू शकत नाही. भिंतीवर आता खाली लिहिलं आहे, रोवणा. रोवण्यापर्यंत त्यानं धरून उभं राहावं, हे यावेळी आईनं ठरवलं. बाबांची टोपी ओढून फेकणं त्यानं स्वतःच शिकून घेतलं, ते भिंतीवर नव्हतं. दिवाळी आली की आई आता ती एक भिंत सोडून बाकी घर पोतणार आहे, असं ती म्हणते. बघू.

आणि काल गेटवर ती पोरगी म्हणाली, कागद सांभाळून ठेवला आहे.

मी तिला तिथंच अल्काताईचा नंबर दिला. पण ती एकटीच नसेल ना. तुमच्यापण घरी, नाहीतर शेजारी, नाहीतर मावशीकडे असेल एखादं हसरं पोर, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, उशिरा करते, करेल. असेल एखादी पेटी. आज घरी गेले की ती उघडा आधी. शालू बाजूला करा. आणि अल्काताईला भेटा. ती दर बुधवारी दुपारी कामठ्याच्या अंगणवाडीजवळ असते, डोक्याला ओढणी, चिखलाची स्कूटी, विचारलं तर कोणीही दाखवेल. ती रागावत नाही. कागदाला किती महिने झाले ते वाचून थोडा वेळ दुसरीकडे बघेल, तेवढं चालवून घ्या. मग ती म्हणेल, दिवस सांगा. मोबाईल खिशात टाकायच्या आधी ठरवा कधी जायचं. या बुधवारीच जा ना. लेकराला घेऊन जा.